सर्टिफाइड सेकंडहँड कार म्हणजे नेमकं काय? घेण्याआधी काय तपासायचं?

गेल्या वर्षी आई-बाबांसाठी एक जुनी हॅचबॅक घ्यायची होती. ते कामशेतला राहतात. बाजारहाट तळेगावला, नातेवाईक लोणावळ्याला, आणि पावसाळ्यात दुचाकी चालवणं आता दोघांनाही झेपत नाही. बजेट साडेचार लाख. बाबांचं म्हणणं सरळ होतं: "ओळखीच्याकडून नको. उद्या काही निघालं तर बोलताही येत नाही. शोरूममधून सर्टिफाइड घेऊ."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाड्यांमधला जाणकार नाही. पण 'सर्टिफाइड' हा शब्द वाचला की आमच्या क्षेत्रातला माणूस लगेच विचारतो, कोणी सर्टिफाय केलं आणि ते पडताळायचं कसं? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. मावळ, लोणावळा आणि पिंपरी-चिंचवड भागात जुनी गाडी बघत असाल तर थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी घाटाचा भाग आपल्या गावाप्रमाणे बदलून वाचावा.

'सर्टिफाइड' हा सरकारी शिक्का नाही

पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. पीयूसी किंवा फिटनेस सर्टिफिकेट जसं कायद्याने ठरलेलं असतं, तसं 'सर्टिफाइड सेकंडहँड कार' नावाचं कुठलंही सरकारी प्रमाणपत्र नाही. विकणारी कंपनी किंवा डीलर स्वतःच्या यादीप्रमाणे गाडी तपासतो आणि स्वतःच शिक्का मारतो. यात साधारण तीन प्रकार दिसतात.

१. गाडी बनवणाऱ्या कंपनीची योजना. मारुती सुझुकीची ट्रू व्हॅल्यू २००१ पासून आहे. ह्युंदाईची एच प्रॉमिस आणि टोयोटाची यू ट्रस्ट याच जातीच्या. ट्रू व्हॅल्यूमध्ये ३७६ मुद्द्यांची तपासणी, सर्टिफाइड गाडीला एक वर्षापर्यंत वॉरंटी आणि तीन मोफत सर्व्हिस असं सांगितलं जातं.

२. सगळ्या ब्रँडच्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या, उदाहरणार्थ स्पिनी आणि कार्स२४. यांची तपासणीची यादी आणि वॉरंटी त्यांची स्वतःची.

३. स्थानिक डीलर. यांतले काही खरोखर चांगलं काम करतात. काही जण मात्र नुसता 'सर्टिफाइड' लिहिलेला स्टिकर काचेवर लावतात.

म्हणून 'सर्टिफाइड आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं असं: तपासणीचा पूर्ण रिपोर्ट द्याल का? वॉरंटीची अटींसकट प्रत आजच द्याल का? गाडी सध्या कागदोपत्री कोणाच्या ताब्यात आहे? ही तीन उत्तरं कागदावर मिळाली तर त्या शब्दाला अर्थ आहे.

डीलर अधिकृत आहे का?

शिक्का सरकारी नसला तरी डीलरसाठी सरकारी नियम आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेणं आवश्यक झालं. हे अधिकारपत्र पाच वर्षांसाठी असतं.

याचा तुम्हाला उपयोग काय? मूळ मालक गाडी अधिकृत डीलरकडे देतो तेव्हा फॉर्म २९सी भरून पोर्टलवर तशी नोंद होते. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरवर येते. नव्या खरेदीदाराच्या नावावर ट्रान्सफर, नोंदणीचं नूतनीकरण, एनओसी यांसाठी तो अर्ज करू शकतो. आधी असं नव्हतं. मालक कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोडायचा, ती तीन-चार हातांतून फिरायची आणि आरसीवर नाव मात्र त्याचंच राहायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी विकलेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जाईल.

म्हणून डीलरला दोन कागद मागा: त्याचं अधिकारपत्र आणि या गाडीच्या फॉर्म २९सीची पोच. "ते नंतर होतं सर" असं उत्तर आलं तर टोकन देऊ नका.

वाहन नोंद: दहा मिनिटांचं काम

गाडीचा नंबर मिळाला की आधी एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर टाका. हे घरबसल्या होतं. काय बघायचं ते असं:

• नोंदणीची तारीख आणि कितवा मालक. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' आणि नोंदीत दुसरा असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

• फायनान्सर. बँकेचं नाव दिसत असेल तर कर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो काढावा लागतो. "पैसे भरलेत, एंट्री राहिलीये" हे खरंही असू शकतं, पण एंट्री निघेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

• वाहनाचा वर्ग. लोणावळ्यात पर्यटकांसाठी टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्या भरपूर. पूर्वी पिवळी पाटी होती का, हे आरसीच्या जुन्या प्रतीवरून आणि सर्व्हिसच्या कागदांवरून कळू शकतं.

• इंधन. आरसीवर फक्त पेट्रोल आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल तर किट नोंदवलेलं नाही. नोंदवलेलं असेल तरी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते, तिचं प्रमाणपत्र बघा.

• इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का.

• थकलेली चलनं. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलन पोर्टलवर वेगळं तपासा. एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांनी चलन कापलं जातं, आणि अनेक मालकांना ते माहीतही नसतं.

• नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेली गाडी असेल तर महाराष्ट्रात तिला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घेणं बंधनकारक आहे. बसवली आहे का ते बघा.

आपल्या भागातल्या गाड्या एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नोंदीत असतात. एमएच-१२ किंवा मुंबईची गाडी असली तर घाबरायचं कारण नाही, राज्य तेच आहे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स आणि पुन्हा नोंदणी हे सगळं धरून हिशोब करा.

गाडीची स्वतःची मेमरी: ओबीडी

आता माझ्या आवडीचा भाग. साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक पोर्ट असतो. त्याला ओबीडी-२ पोर्ट म्हणतात. इंजिनवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, या पोर्टमधून आपल्या नोंदी बाहेर देतो. मेकॅनिक जे स्कॅनर वापरतो त्याचा छोटा भाऊ म्हणजे ब्लूटूथवर चालणारा ईएलएम३२७ ॲडॅप्टर. एका सर्व्हिसिंगपेक्षा कमी पैशांत मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडता येतो.

बहुतेक लोक फक्त 'फॉल्ट कोड आहे का' एवढंच बघतात. कोड नसला की खूश. पण कोड पुसता येतात, आणि तेही याच ॲपमधलं एक बटण दाबून. म्हणून पुढच्या तीन गोष्टी बघा.

कोड पुसल्यापासूनचं अंतर. ॲपमध्ये 'डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड' अशी नोंद असते. गाडी पन्नास हजार चाललेली आणि इथे वीस किलोमीटर दिसत असेल, तर नुकतंच काहीतरी पुसलं गेलंय.

रेडीनेस मॉनिटर. ईसीयू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंची स्वतःच चाचणी घेत असतो. कोड पुसले की या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि गाडी काही काळ वेगवेगळ्या वेगाने चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात.

पेंडिंग कोड. बिघाड एकदा जाणवला की ईसीयू आधी त्याची कच्ची नोंद करतो. तोच बिघाड पुढच्या फेरीतही आला की मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणजे दिवा लागण्याआधीच तुम्हाला कळू शकतं.

आमच्या बाबतीत हेच झालं. पिंपरी-चिंचवडमधल्या एका डीलरशिपमध्ये २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक पसंत पडली. ४६ हजार किलोमीटर, एक मालक, तपासणीच्या रिपोर्टमध्ये सगळ्या मुद्द्यांवर बरोबरची खूण. बाबा चेकबुक घेऊनच आले होते. मी ॲडॅप्टर लावला. कोड शून्य. पण कोड पुसल्यापासूनचं अंतर ११ किलोमीटर, आणि दोन मॉनिटर अपूर्ण.

सेल्सवाला म्हणाला, "सर, बॅटरी बदललीये." आता हे खोटंच असेल असं नाही. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी या नोंदी शून्यावर येतात, आणि बॅटरी खरंच नवी होती. म्हणजे त्या ११ किलोमीटरवरून फसवणूक सिद्ध होत नव्हती. पण रिपोर्टमधल्या 'इंजिन ओके'ला त्या क्षणी आधारही नव्हता.

मी लांब ट्रायल मागितली. डीलरकडची गाडी खरेदीदाराला ट्रायलसाठी रस्त्यावर नेता येते, आणि डीलरने अशा फेऱ्यांची नोंद ठेवायची असते. थोडी कुरकुर झाली, मग त्यांचा माणूस बरोबर बसला. जुन्या हायवेने तळेगाव, वडगाव करत कामशेतची खिंड चढलो आणि परत आलो. परतताना पेंडिंग कोड दिसला: पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दिवा लागला नव्हता. चढावर हलकासा धक्का जाणवत होता, बाबा म्हणाले रस्ताच तसा आहे.

वर्कशॉपमध्ये इग्निशन कॉइल खराब निघाली. दुरुस्ती काही फार मोठी नाही. पण तीच गोष्ट विकल्यानंतर दिसली असती तर 'वापरताना झालं' की 'आधीपासून होतं' यावर वाद झाला असता. कॉइल त्यांनी बदलली, जॉब कार्डवर लिहून दिलं, आणि मी आणखी शंभरेक किलोमीटरच्या फेरीनंतर पुन्हा स्कॅन करूनच उरलेले पैसे देण्याचं ठरवलं. दुसऱ्या वेळी सगळे मॉनिटर पूर्ण, पेंडिंग काही नाही. तीच गाडी घेतली.

ओडोमीटरवर किती विश्वास ठेवायचा?

डिजिटल मीटरमधला आकडा एका मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो आणि तो बदलणारी साधनं बाजारात आहेत. त्यामुळे आकडा दुसऱ्या कशाशी तरी जुळवावा लागतो. सगळ्यात भरवशाची जुळणी म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास. दर सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ ला ३८ हजार, २०२२ ला ५१ हजार आणि आज ४६ हजार, असं दिसलं तर बोलायलाच नको. डीलर कंपनीचाच असेल तर हा इतिहास त्याच्या स्क्रीनवरच असतो. दाखवायला सांगा.

टायरही बोलतात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वीस हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर का, ते विचारा. काचांवरही उत्पादनाच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर दगड लागला असेल, पण दार, काच आणि बोनेटचे बोल्ट असं सगळंच बदललेलं दिसलं तर अपघात झालेला असतो.

घाट आणि पाणी

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. इथल्या गाडीचा तळ गंजलेला असू शकतो. लिफ्टवर चढवून सायलेन्सर, सस्पेन्शनचे हात आणि दारांच्या खालच्या कडा बघा. डीलरशिपमध्ये लिफ्ट असते, फक्त मागावी लागते.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा धोका. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरी भागात पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही पाण्यात गेल्या. अशा गाड्या स्वच्छ करून पुन्हा बाजारात येऊ शकतात. ओळखायच्या खुणा: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खालच्या टोकाला चिखलाची रेघ, सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट थर. आतून अत्तराचा जास्त वास येत असेल तरी सावध व्हा. शिवाय इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागा.

ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. निदान एक खरा चढ हवा. कामशेतची खिंड चालेल, लोणावळ्यात असाल तर भुशी डॅमकडून लायन्स पॉइंटला जाणारा रस्ता चालेल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतोय. चढावर थांबवून हँडब्रेक लावा, गाडी मागे सरकते का बघा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघून घ्या. ओबीडी लावलेलाच असेल तर इंजिनचं तापमान बघत राहा. चढावर थोडं वाढून स्थिर व्हायला हवं, चढतच राहायला नको.

वॉरंटीत काय नसतं?

वॉरंटीचं पहिलं पान सगळे वाचतात. वाचायचं ते शेवटचं, जिथे 'समाविष्ट नाही' अशी यादी असते. साधारणपणे इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग समाविष्ट असतात. क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, रबरी बुश असे झिजणारे भाग नसतात. किती किलोमीटरपर्यंत, एका क्लेमला कमाल किती रक्कम, सर्व्हिस फक्त त्यांच्याकडेच करायची अट आहे का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

आमच्या गाडीचा क्लच आठव्या महिन्यात गेला. गाडी वॉरंटीत होती, क्लच नव्हता. खर्च आमचा. चूक कोणाचीच नाही, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पण घाटात राहणाऱ्या माणसाने क्लचची किंमत आधीच भावात धरायला हवी होती. ती मी धरली नाही. तुम्ही धरा.

आणखी एक. ज्या कंपनीची गाडी घेताय ती आणि तिचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे का? याचं उदाहरण आपल्याच दारात आहे. तळेगावच्या कारखान्यात जनरल मोटर्स शेवरोले बीट बनवायची. कंपनीने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली, २०२० च्या शेवटी तळेगावचं उत्पादनही थांबलं, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. बीट आजही स्वस्तात मिळते. पण ती स्वस्त का आहे, ते लक्षात घेऊन घ्या.

पैसे, ट्रान्सफर आणि इन्शुरन्स

जीएसटी: जानेवारी २०२५ पासून डीलरने विकलेल्या जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे, पण सर्वसाधारणपणे तो डीलरच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर. चार लाखांवर सरसकट १८ टक्के लावून कोणी बिल दाखवत असेल तर हिशोब मागा.

भाव: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव ठरवताना त्याच मॉडेलची आजची नवी किंमत समोर ठेवा, जुन्या मालकाने भरलेली नाही.

ट्रान्सफर: फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रान्सफर कोण करणार, किती दिवसांत आणि खर्च कोणाचा, हे पावतीवर लिहून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. नवी आरसी हातात येईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवता आली तर उत्तम.

इन्शुरन्स: गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. आणि नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळणार नाही.

फास्टॅग: जुन्या मालकाचा बंद झाला का ते विचारा आणि स्वतःच्या नावाने नवा घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्टिफाइड गाडी महाग असते, मग घ्यावी का?
वॉरंटी, ट्रान्सफर आणि तपासणीचा रिपोर्ट कागदावर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. नुसत्या स्टिकरसाठी नाही.

ओबीडी लावायला डीलरने नकार दिला तर?
तसं करणं हा त्याचा अधिकार. पण मग तुमच्या मेकॅनिकला आणा किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करा. त्यालाही नकार असेल तर दुसरी गाडी बघा.

फसवणूक झाली तर कुठे जायचं?
आधी डीलरला लेखी तक्रार द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे लागणार ते कागदच: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तपासणीचा रिपोर्ट, वॉरंटी, जॉब कार्ड. ओबीडी ॲपमधला रिपोर्टही पीडीएफ करून तारखेसकट ठेवा.

थोडक्यात क्रम असा: घरून वाहन नोंद आणि चलन, मग डीलरचं अधिकारपत्र, मग सर्व्हिसचा इतिहास, मग ओबीडी, मग चढावरची ट्रायल, मग पुन्हा ओबीडी, आणि पैसे सगळ्यात शेवटी. आम्हाला यात दोन शनिवार लागले. बाबा पहिल्या शनिवारी वैतागले होते. आता शेजारी कोणी गाडी बघायला निघालं की तेच विचारतात, "कोड कधी पुसलेत ते बघितलंस का?"